टीम लिक्विड

टीम लिक्विड : व्हिडिओ खेळांच्या स्पर्धांत भाग घेणारी एक आंतरराष्ट्रीय व्यावसायिक क्रीडासंस्था. नेदर्लंड्समध्ये २००० साली हौशी खेळाडूंचा एक लहानसा गट म्हणून तिचा आरंभ झाला. २०१० पासून ती व्यावसायिक पातळीवर खेळाडू बाळगू लागली आणि पुढील दशकात यूरोप, उत्तर अमेरिका व ब्राझील येथे तिचे संघ उभे राहिले. ‘स्टारक्राफ्ट’, ‘डोटा २’, ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘लीग ऑफ लेजेंड्स’, ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’, ‘रेनबो सिक्स सीज’ यांसारख्या परस्परांहून अगदी भिन्न खेळांत तिने स्वतंत्र संघ व खेळाडू ठेवले. ई-स्पोर्ट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्रीडाक्षेत्रातील संस्था कशा जन्मास आल्या, कशा वाढल्या आणि त्यांचे अस्तित्व कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, हे समजून घेण्यास टीम लिक्विडचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

क्रिकेट, फुटबॉल वा कुस्ती हे खेळ कोणाच्याही मालकीचे नाहीत. त्यांचे नियम ठरविणाऱ्या संघटना असतात. परंतु खेळ खेळण्यासाठी कोणा एका व्यापारी कंपनीची अनुज्ञा लागत नाही. व्हिडिओ खेळाची स्थिती याहून मूलतः वेगळी आहे. तो खेळ म्हणजे एका कंपनीने निर्माण केलेली, स्वामित्वहक्काने संरक्षित अशी संगणकीय कृती होय. तिचे नियम, तिच्यातील शस्त्रे व पात्रे, स्पर्धा भरविण्याचा व प्रक्षेपित करण्याचा अधिकार हे सर्व त्या कंपनीकडे असते. कंपनीने मनात आणल्यास नियम एका रात्रीत बदलतात, स्पर्धा बंद पडतात किंवा खेळच मागे पडतो. स्वतःच्या मालकीचे मैदान नसलेल्या संस्थेने दीर्घकाळ टिकून कसे राहावे, हा टीम लिक्विडपुढील मूलभूत प्रश्न होता. अनेक खेळांत एकाच वेळी पाय रोवणे, हे त्याला तिने शोधलेले उत्तर होय.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीचा ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ १९९८ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला व त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ब्रूड वॉर’ ही त्याची पुरवणी निघाली. या खेळात दोन प्रतिस्पर्धी आपापल्या काल्पनिक सैन्याची उभारणी करतात, खनिजसंपत्ती गोळा करतात व एकमेकांचे तळ उद्ध्वस्त करण्याचा प्रयत्न करतात. बुद्धिबळातील डावपेच येथेही असतात. मात्र खेळाडूंना आळीपाळीने चाली करावयाच्या नसून दोघेही एकाच वेळी, अखंडपणे चाली करीत असतात. त्यामुळे डावपेचांइतकेच हाताच्या वेगालाही महत्त्व येते.

हा खेळ अमेरिकेत निर्माण झाला असला, तरी त्याला खऱ्या अर्थाने क्रीडेचे रूप दक्षिण कोरियात लाभले. १९९७-९८ च्या आर्थिक संकटानंतर त्या देशात जलद आंतरजालाचा प्रसार झपाट्याने झाला आणि ‘पीसी बांग’ या नावाची भाड्याने संगणक देणारी केंद्रे गल्लोगल्ली निघाली. २००० साली तेथे ई-स्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दूरचित्रवाणीवर केवळ अशा सामन्यांना वाहिलेल्या वाहिन्या सुरू झाल्या व मोठ्या उद्योगसमूहांनी संघ पोसले. २००४ मध्ये बूसान शहरातील ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या एका अंतिम सामन्यास सु. एक लाख प्रेक्षक जमल्याचे सांगितले जाते. यूरोप-अमेरिकेतील हौशी खेळाडूंना हे सर्व विलक्षण वाटत होते. परंतु भाषेच्या अडसरामुळे ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

हौशी कालखंड (२०००–०९) : व्हिक्टर गोसेन्स या डच तरुणाने २००० साली ‘ब्रूड वॉर’ खेळणाऱ्या आपल्या मित्रांचा जो गट बनविला, त्याचे नाव लिक्विड. पुढील वर्षी गोसेन्स व त्याचा सहकारी जॉय होखेफेन यांनी गटाचे संकेतस्थळ सुरू केले. २००२ मध्ये गोसेन्स स्वतः व्यावसायिक खेळाडू म्हणून दक्षिण कोरियात जाऊन राहिला आणि तेथील क्रीडाव्यवस्था त्याने जवळून पाहिली. कोरियातील सामन्यांचे वृत्तांत, डावांची चिकित्सा व निकाल इंग्रजीत उपलब्ध करून देण्याचे काम या गटाभोवती जमलेल्या स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. त्यांना वेतन नव्हते. तरीही या अनाम लेखक-भाषांतरकारांमुळे कोरियाबाहेर या खेळाचा जाणकार प्रेक्षकवर्ग घडला. २००८ मध्ये संस्थेने ‘टीम लिक्विड स्टारलीग’ ही स्वतःची स्पर्धा भरविली. निरनिराळ्या खेळांचे संघ, खेळाडू व निकाल यांची पद्धतशीर नोंद ठेवणारा ‘लिक्विपीडिया’ हा ज्ञानकोशही याच स्वयंसेवी परंपरेतून निर्माण झाला. या क्षेत्राच्या अभ्यासकास तो आजही प्रमुख साधन म्हणून वापरावा लागतो.

पुढे क्षेत्रात आलेल्या अनेक संस्थांनी प्रथम भांडवल उभे केले, नंतर संघ विकत घेतला आणि अखेरीस चाहते मिळविण्याची खटपट केली. टीम लिक्विडच्या बाबतीत हा क्रम उलटा होता. तिच्याकडे आधी वाचक व प्रेक्षक होते, व्यावसायिक संघ नंतर आला आणि भांडवल सर्वांत शेवटी.

व्यावसायिक स्वरूप : ‘स्टारक्राफ्ट २’ हा खेळ २७ जुलै २०१० रोजी प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास मालकीहक्काचा प्रश्न प्रथमच उघडपणे पुढे आला. दहा वर्षे कोरियातील संघटना व वाहिन्या ‘ब्रूड वॉर’चे सामने प्रक्षेपित करीत आल्या होत्या, खेळाची निर्माती कंपनी या नात्याने ब्लिझर्डने आता त्यावर आपला हक्क सांगितला. २०१० मध्ये वाटाघाटी फिसकटल्या, नव्या खेळाचे कोरियातील प्रक्षेपणाधिकार तिने दुसऱ्याच कंपनीस दिले आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०११ मध्ये तडजोड झाली. परंतु ज्यांनी खेळाला लोकप्रियता मिळवून दिली, त्यांचा त्यावर कायदेशीर अधिकार कितपत असतो, हे सर्व संबंधितांना त्यातून कळून चुकले. ‘ब्रूड वॉर’च्या दूरचित्रवाणीवरील प्रमुख स्पर्धा २०१२ मध्ये संपुष्टात आल्या.

टीम लिक्विडने २०१० मध्येच ‘स्टारक्राफ्ट २’ साठी व्यावसायिक संघ जाहीर केला. कोरियातील एका संघाशी करार करून तिने आपले काही खेळाडू सोलमधील त्या संघाच्या निवासस्थानी सरावासाठी ठेवले. त्यांपैकी स्वीडनचा जॉनथन वॉल्श याने २०१० च्या अखेरीस व पुन्हा २०११ च्या आरंभी कोरियातील प्रमुख स्पर्धेची उपान्त्य फेरी गाठली. कोरियन खेळाडूंच्या वर्चस्वाच्या त्या काळात परदेशी खेळाडूचे हे यश असाधारण होते. पुढे सोंग ह्योन-डोक व यून योंग-सो या कोरियन खेळाडूंनाही संस्थेने आपल्याकडे घेतले.

डिसेंबर २०१२ मध्ये ‘डोटा २’ या खेळासाठी संघ घेऊन संस्थेने पहिल्यांदाच एका खेळाची मर्यादा ओलांडली. ही घटना दिसावयास लहान असली, तरी परिणामांच्या दृष्टीने महत्त्वाची होती. ‘स्टारक्राफ्ट २’ चा प्रेक्षकवर्ग पुढील काही वर्षांत ओसरत गेला. त्या एकाच खेळावर विसंबून राहिलेल्या कित्येक संस्था त्याबरोबर नाहीशा झाल्या. टीम लिक्विड टिकून राहिली.

विलीनीकरण व भांडवल : जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतील कर्स या संघाचे टीम लिक्विडमध्ये विलीनीकरण झाले. त्यामुळे ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या अत्यंत लोकप्रिय खेळाच्या उत्तर अमेरिकी साखळी स्पर्धेत तिचा प्रवेश झाला आणि कर्सचा प्रमुख स्टीव्ह आर्हान्सेट हा गोसेन्सबरोबर संस्थेचा सहप्रमुख बनला. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲक्सिओमॅटिक या गुंतवणूकदार गटाने संस्थेतील नियंत्रक हिस्सा विकत घेतला. चित्रपटनिर्माता पीटर ग्यूबर, अमेरिकेतील क्रीडासंघांचा मालक टेड लिऑन्सिस आणि विख्यात बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांचा त्या गटात समावेश होता. दैनंदिन कारभार मात्र गोसेन्स व आर्हान्सेट यांच्याकडेच राहिला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मॉनिका येथे व २०२० मध्ये नेदर्लंड्समधील यूट्रेक्ट येथे संस्थेने सुसज्ज सरावकेंद्रे उघडली. सरावदालन, भोजनगृह, विश्लेषकांची कार्यालये यांची तेथे सोय करण्यात आली. खेळाडूंनी एकाच घरात राहावयाचे, तेथेच झोपावयाचे व तेथेच रात्रंदिवस खेळावयाचे, ही आधीच्या काळातील पद्धत त्यामुळे मागे पडली.

डोटा २ : या खेळात पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. शंभराहून अधिक काल्पनिक वीरांमधून प्रत्येक खेळाडू एकेक वीर निवडतो व प्रतिपक्षाच्या तळावरील मुख्य वास्तू पाडणारा संघ विजयी ठरतो. व्हॉल्व्ह ही निर्माती कंपनी २०११ पासून ‘द इंटरनॅशनल’ ही वार्षिक स्पर्धा भरविते. २०१३ पासून तिच्या पारितोषिकनिधीची एक वेगळी पद्धत पडली. कंपनी स्वतः १६ लक्ष डॉलर देई आणि स्पर्धेनिमित्त चाहत्यांना विकलेल्या डिजिटल वस्तूंच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यात भर म्हणून पडे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये टीम लिक्विडने जर्मनीच्या कुरो ताखासोमी याच्या नेतृत्वाखालील संघाशी करार केला. २०१७ मध्ये या संघात त्याच्यासमवेत जॉर्डनचा आमेर अल-बरकावी, बल्गेरियाचा इव्हान इव्हानोव्ह, लेबाननचा मारून मेरहेज व फिनलंडचा लासे उर्पालाइनेन हे खेळाडू होते. पाच खेळाडू पाच देशांचे, तर संस्था सहाव्या देशात जन्मलेली, अशी या संघाची रचना होती. ऑगस्ट २०१७ मध्ये सिअ‍ॅटल येथे झालेल्या स्पर्धेत बाद फेरीतील पहिल्याच लढतीत हरून तो पराभूतांच्या गटात गेला. तेथून एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना नमवीत त्याने अंतिम फेरी गाठली व चीनच्या न्यूबी या संघाचा ३–० असा पराभव केला. त्या वर्षी पारितोषिकनिधी सु. २·४८ कोटी डॉलर होता व विजेत्यांस सु. १·०८ कोटी डॉलर मिळाले.

हाच संघ ऑगस्ट २०१९ मध्ये शांघाय येथे पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. त्यात उर्पालाइनेनच्या जागी नवा खेळाडू आला होता. ओजी या संघाने त्याचा ३–१ असा पराभव केला. त्यानंतर काही आठवड्यांतच सर्व खेळाडू टीम लिक्विडमधून बाहेर पडले व त्यांनी निग्मा ही स्वतःची संस्था काढली. कीर्ती नेमकी कोणाची, खेळाडूंची की त्यांच्या अंगरख्यावरील नावाची, हा प्रश्न या घटनेने उभा केला. टीम लिक्विडने लगेच दुसरा, मुख्यतः स्वीडिश खेळाडूंचा संघ घेतला. त्याला स्थिर होण्यास बराच काळ लागला. २०२३ मध्ये लिमा व बर्लिन येथील दोन्ही प्रमुख स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत गेमिन ग्लॅडिएटर्स या संघाने त्याला हरविले. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये कोपनहेगन येथे त्याच प्रतिस्पर्ध्याचा ३–० असा पराभव करून टीम लिक्विडने ‘द इंटरनॅशनल’चे विजेतेपद दुसऱ्यांदा मिळविले. या संघात तीन खेळाडू स्वीडनचे, एक पोलंडचा व एक इझ्राएलचा होता.

दोन्ही विजयांत मिळालेली ढाल एकच होती. मात्र २०२४ चा पारितोषिकनिधी सु. २६ लक्ष डॉलर, म्हणजे २०१७ च्या निधीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका होता. चुरस कमी झाली नव्हती किंवा खेळाचा दर्जाही घसरला नव्हता. व्हॉल्व्हने २०२३ पासून डिजिटल वस्तूंच्या विक्रीची जुनी पद्धत बदलली आणि त्याबरोबर निधीचा प्रमुख ओघ आटला. निर्मात्या कंपनीच्या एका निर्णयाचा खेळाडूंच्या व संस्थांच्या प्राप्तीवर केवढा परिणाम होतो, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

लीग ऑफ लेजेंड्स : रायट गेम्स या कंपनीच्या या खेळाची मूळ कल्पना ‘डोटा’सारखीच असली, तरी स्पर्धांची व्यवस्था फुटबॉलच्या साखळी स्पर्धांसारखी होती. तळाशी राहणाऱ्या संघांवर खालच्या श्रेणीत घसरण्याची पाळी येई. २०१७ च्या वसंत हंगामात टीम लिक्विड दहा संघांत नववी आली व पात्रता सामन्यांत कसाबसा आपला दर्जा राखू शकली. त्याच वर्षी रायटने ही पद्धत रद्द केली. २०१८ पासून दहा संघांना कायम स्थान देण्यात आले व त्यासाठी जुन्या संघांकडून प्रत्येकी एक कोटी डॉलर शुल्क आकारण्यात आले. खेळाडूंसाठी किमान ७५,००० डॉलर वार्षिक वेतन निश्चित झाले. स्थान सुरक्षित होताच टीम लिक्विडने नामवंत खेळाडू घेतले आणि २०१८ व २०१९ मधील चारही हंगामांची विजेतेपदे ओळीने पटकाविली. मे २०१९ मधील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने आदल्या वर्षीच्या जगज्जेत्या इन्व्हिक्टस गेमिंग या चिनी संघास उपान्त्य फेरीत ३–१ असे हरविले. तैपे येथील अंतिम सामन्यात मात्र यूरोपच्या जी२ संघाकडून तिला ०–३ असा पराभव पत्करावा लागला.

कायम स्थानाची शाश्वती प्रत्यक्षात मर्यादितच ठरली. होतकरू खेळाडूंसाठी दुय्यम संघ ठेवण्याचे संघांवरील बंधन रायटने २०२३ मध्ये शिथिल केले. त्याविरुद्ध या साखळीतील खेळाडूंच्या संघटनेने काम बंद ठेवण्याचा ठराव केला व हंगामाचा आरंभ दोन आठवडे लांबला. २०२५ मध्ये उत्तर अमेरिका व ब्राझील यांच्या साखळ्या विलीन करून एक संयुक्त स्पर्धा सुरू करण्यात आली; ती एकच वर्ष चालली आणि २०२६ साठी जुन्या साखळ्या पुन्हा स्थापण्याचे त्याच वर्षी जाहीर झाले.

इतर खेळ : ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात पाच जणांचा एक संघ स्फोटक पेरण्याचा व दुसरा ते रोखण्याचा प्रयत्न करतो. जुलै २०१६ मध्ये कोलोन येथील प्रमुख स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचणारा टीम लिक्विड हा पहिला उत्तर अमेरिकी संघ ठरला. तेथे तो ब्राझीलच्या खेळाडूंच्या एसके गेमिंग संघाकडून हरला. २०१९ च्या मे ते जुलै या अवघ्या ६३ दिवसांत त्याने सिडनी, डॅलस, माँपेल्ये व कोलोन येथील चार स्पर्धा जिंकून दहा लक्ष डॉलरचे विशेष पारितोषिक मिळविले. तथापि सप्टेंबरमध्ये बर्लिन येथील प्रमुख स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीतच डेन्मार्कच्या अ‍ॅस्ट्रॅलिस संघाने त्याला पराभूत केले.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ हा निंटेंडो या जपानी कंपनीचा २००१ मधील द्वंद्वखेळ आहे. त्यात संस्थेचा हुआन डेबिएड्मा याने २०१६ मध्ये लास व्हेगस येथील ‘इव्हो’ या मोठ्या स्पर्धेत विजेतेपद मिळविले. डेबिएड्मा हा शिक्षणाने रसायन अभियंता होता. या खेळाच्या स्पर्धा मुख्यतः चाहत्यांनीच वर्षानुवर्षे चालविल्या. असे असूनही २०१३ मध्ये ‘इव्हो’तील या खेळाचे प्रक्षेपण रोखण्याचा प्रयत्न निंटेंडोने केला व लोकक्षोभामुळे तो मागे घेतला, २०२० मध्ये दुसरी एक स्पर्धा मात्र तिच्या मनाईमुळे रद्द झाली.

आर्थिक व्यवहार : पारितोषिकांच्या रकमा डोळ्यांत भरण्याजोग्या असल्या, तरी त्यांचा मोठा हिस्सा खेळाडूंकडे जातो व त्यांवर संस्थेचा संसार चालत नाही. तिची मुख्य भिस्त पुरस्कर्त्या कंपन्यांवर असते. संगणक बनविणारी एलियनवेअर, मोटारी बनविणारी होंडा व संगणकप्रणाली पुरविणारी सॅप या कंपन्यांशी टीम लिक्विडने करार केले. साखळी स्पर्धांतील उत्पन्नाचा वाटा व कपड्यांची विक्री यांचीही त्यास जोड मिळते. पुरस्कर्त्यांना विशिष्ट खेळापेक्षा तरुण प्रेक्षकांशी संबंध हवा असतो. त्यामुळे अनेक खेळांत संघ बाळगणारी संस्था त्यांना अधिक सोयीची वाटते. परंतु प्रत्येक नव्या खेळाबरोबर वेतने, प्रशिक्षक व प्रवास यांचा खर्चही वाढतो.

२०२४ मध्ये सौदी अरेबियातील रियाध येथे ‘ई-स्पोर्ट्स विश्वचषक’ ही स्पर्धा प्रथमच भरली. तिचा एकूण पारितोषिकनिधी सु. सहा कोटी डॉलर होता. अनेक खेळांतील कामगिरीचे गुण एकत्र करून संस्थांचा क्रम लावण्याची तिची पद्धत टीम लिक्विडसारख्या बहुक्रीडा संस्थांना अनुकूल होती. टीम लिक्विडला सौदी अरेबियाच्या टीम फाल्कन्स या संस्थेच्या खालोखाल दुसरा क्रमांक मिळाला. सौदी राज्यसत्तेच्या पैशावर विसंबून राहण्याविषयी, तसेच तेथील मानवी हक्कांच्या स्थितीविषयी खेळाडू व प्रेक्षक यांपैकी अनेकांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. खेळाच्या निर्मात्यांवरील अवलंबित्वात आता अर्थसाहाय्य करणाऱ्या राज्यसत्तेवरील अवलंबित्वाची भर पडली.

मूल्यमापन : टीम लिक्विडच्या पाव शतकाच्या वाटचालीत खेळ बदलले, खेळाडू बदलले आणि मालकही बदलले. या क्षेत्रातील खेळाडूची कारकीर्द अल्पायुषी असते. बहुतेकांना तरुण वयातच निवृत्त व्हावे लागते. संस्थेजवळ स्वतःचे असे म्हणावयाचे ते तिचे नाव, तिच्या कार्यपद्धती व तिचे चाहते एवढेच होय. त्यांपैकी चाहते तिने भांडवलाच्या आधी, वेतन न घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या श्रमातून मिळविले. अनेक खेळांत संघ असल्यामुळे एका खेळाच्या ऱ्हासाचा आघात तिला सोसता आला, हे तिच्या धोरणाचे यश होय. मात्र कोणत्याही खेळाच्या नियमांवर वा उत्पन्नावर तिला हक्क मिळाला नाही, ही त्या धोरणाची मर्यादा होय. ऑगस्ट २०२४ मध्ये रियाध येथे ‘स्टारक्राफ्ट २’ च्या अंतिम सामन्यात टीम लिक्विडच्या क्लेमां देप्लांश या फ्रेंच खेळाडूने फिनलंडच्या योना सोताला याचा ५–० असा पराभव केला. ज्या खेळापासून संस्थेने व्यावसायिक आयुष्यास आरंभ केला व ज्याचे दिवस सरल्याचे दहा वर्षांपूर्वीच म्हटले जात होते, त्या खेळासाठी तिने खेळाडू राखून ठेवले होते. पहिल्या खेळाशी तिने राखलेले हे नाते केवळ व्यापारी हिशेबाने स्पष्ट होत नाही. तिच्या हौशी उगमाशी त्याचा संबंध आहे.